सतरा नंबरचे हात

"देख माय, देख! एक बी मस नही ऱ्हायना!"

वच्छलाबाईने दोन्ही हात हेमांगीच्या टेबलावर असे आपटले, की पेनांचा डबा आडवा झाला. देवपूरच्या त्या त्वचारोगाच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या सात-आठ जणांना हात दाखवून झाले होते, आणि त्याआधी एसटीच्या अख्ख्या गाडीला. नऊ आठवड्यांपूर्वी याच हातांच्या पाठीवर चामखिळींचं पीक आलं होतं. आता कातडी निवडलेल्या गव्हासारखी साफ.

हेमांगी औषधशास्त्राची विद्यार्थिनी. हिरव्या चहाच्या अर्काचं मलम चामखिळीवर चालतं का, हा तिचा अभ्यास, आणि वच्छलाबाई त्यातली सतरा नंबरची पेशंट. तिने ते हात हातात घेतले, उलटसुलट केले. "अक्का, कमालच केलीत तुम्ही!" तिला खुर्चीतून उडी मारावीशी वाटत होती.

"चहानीच कमाल शे. गाडीमा एक मास्तर म्हने, याच चहावर कॅन्सर बी बरा व्हस. खरं का?"

"नाही हो, अक्का. जळगावला माझी मैत्रीण काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यांवर हा अर्क टाकून बघतेय. ते अजून बशीतच आहे. माणसापर्यंत यायला फार वेळ आहे."

"मन्हा हात तं बशीमा नहीत ना? मंग माले कागद लिखी दे."

कागदावरच सगळं अडलं होतं. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. थोरली जाऊ बेबाबाई हिने तोंडावर सांगितलं होतं: हात साफ झाल्याचा डॉक्टरचा कागद आण, मगच मांडे भाजायच्या खापराजवळ बस. तसं बेबाबाईचं चुकत नव्हतं. मस एकाचे दुसऱ्याला लागतात. पण गावात मांडे करावेत ते वच्छलाबाईनेच, आणि मागच्या आखाजीला तिच्याच घरात तिला टोपलीतले आंबे सोलायला बसवलं होतं. तो अपमान तिला वर्षभर गिळता आला नव्हता.

हेमांगीने वही ओढली, लिहायला घेतलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्का, दोन्ही हात कसे बरे झाले?"

ट्यूब दोन होत्या. लाल टोपणाची उजव्या हाताला, पांढऱ्या टोपणाची डाव्याला. एकीत चहाचं मलम, दुसरीत नुसतं साधं. कुठलीत काय, ते वच्छलाबाईला ठाऊक नव्हतं आणि हेमांगीलाही नव्हतं. ते लिहिलेलं पाकीट दवाखान्याच्या डॉक्टरांच्या, म्हणजे तिच्या सरांच्या कपाटात बंद होतं. एका हाताचे मस जावेत आणि दुसऱ्याचे राहावेत, म्हणजे मलमाचा गुण कळतो. इथे तर दोन्ही हात चकाचक.

"टोपणांची अदलाबदल झाली का?"

"देवनी आन! लाल उजवाले, पांढरी डावाले. एक दिन बी चुकनू नही."

"कसं लावायचात ते दाखवा बरं." हेमांगीने टेबलावरचं व्हॅसलिन पुढे केलं.

वच्छलाबाईने बोटभर उजव्या हातावर घेतलं, बोटभर डाव्यावर. अगदी शहाण्या मुलीसारखं. मग तिने हात चोळायला घेतले, आणि हात आपल्या वाटेने निघाले. उजवा डाव्यावरून गेला, डावा उजव्याखालून आला, पाठीवरून पाठ, मनगटावरून मनगट. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत हातभर मोठा करतात, तसे ते चालले होते. व्हॅसलिन कोपरापर्यंत पसरलं, त्यातलं उजव्याचं कुठलं नि डाव्याचं कुठलं ते कळेना.

"अक्का, थांबा! रोज असंच करायचात?"

वच्छलाबाईने आपल्याच हातांकडे चोरी पकडल्यासारखं पाहिलं. "काय करू माय? मांडासना हात शेतस. एक हात थांबना तं मांडा फाटस."

हेमांगी कपाळाला हात लावून हसत सुटली. हसता हसता तिने वहीत सतराव्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"मन्हं नाव खोडं?" वच्छलाबाईचा आवाज चिरकला. "मंग आखाजीना कागद?"

"अभ्यासातून खोडलं, अक्का. कशाने बरं झालं ते मला छातीठोक सांगता येणार नाही. पण हात बरे आहेत, हे आंधळासुद्धा सांगेल. सरांची सही घेऊन आत्ता कागद देते."

कागद हातात पडला तेव्हा वच्छलाबाईला घरी पोचेपर्यंत दम कुठला निघतोय! दवाखान्यातूनच तिने बेबाबाईला व्हिडिओ कॉल लावला. कागद दाखवला, हात दाखवले, परत कागद दाखवला. पडद्यावर बेबाबाई मख्ख. एका हातात मोबाईल, दुसरा पदरात.

"डाक्टरीणबाई," ती म्हणाली, "तू खाशी का तिन्हा हातना मांडा?"

"दोन खाईन," हेमांगी पुढे वाकून म्हणाली. "आमरस असेल तर तीन."

बेबाबाईने डोळे बारीक करून पडद्यावरचे हात पुन्हा पाहिले. वच्छलाबाईच्या मनात आलं, आता ही बाई काय खुसपट काढते, कोण जाणे.

"वच्छला," शेवटी बेबाबाईने आवाज खाली आणला. "सांजनी गाडी धर. यंदा बठ्ठा, एकूनएक मांडा तूच कर."

"आनि तुम्ही, अक्का?" वच्छलाबाईने जावेला विचारलं.

बेबाबाईने मागे वळून दार लोटलेलं आहे का ते पाहिलं. मग पदरातला हात हळूच बाहेर काढून मोबाईलसमोर धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मसच मस.

"आंबा मी सोलसू का नही, ते बी त्या डाक्टरीणले इचार," ती म्हणाली. "आनि येतांना माले ट्यूब लई ये. दोन्ही."