खिळ्यावरचा बिल्ला

"पोरीचाही एक बिल्ला करून घ्या," सेंद्रिय शेतीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं.

ती हसली होती. "ही सदा माझ्या कडेवर. हिला कशाला हवाय वेगळा बिल्ला?"

नियम साधा होता. रोपांच्या काचघरात शिरताना आपला गळ्यातला लाकडी बिल्ला दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. खिळे रिकामे दिसले की दार लावून बाहेरून कडी घालायची. कारण उन्हाळ्यात औषध न मारता मातीतली कीड मारायची, तर माती भिजवून, सगळं बंद करून काचघर दुपारभर तापू देतात. आत भट्टीच होते, आणि जाड काचांतून हाकही बाहेर ऐकू येत नाही.

उन्हाळा लागला त्याच आठवड्यात त्या भट्टीत तिची पिटुकली अडकली. तीन वर्षांची पोर कडेवरून कधी उतरली, वाफ्यांच्या मागे कधी गेली, कळलंच नाही. कडी मळ्यावरच्या माळीबुवांनी घातली होती. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा पोरीचे ओठ सुकले होते आणि हाक मारली तरी ती बघत नव्हती. दवाखान्यातून धडधाकट घरी आली, पण काचेचं दार दिसलं की आईच्या मानेत तोंड खुपसू लागली.

माळीबुवांनी माफी मागितली नाही. सगळ्यांच्या देखत एवढंच म्हणाले, "खिळ्यावर बिल्ला नव्हता. मला काय माहीत?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्यानंसुद्धा. "त्यांचं काय चुकलं सांग ना," तो म्हणाला.

तिनं वर्ग सोडला नाही. पोरीला गेटजवळच्या पाळणाघरात ठेवू लागली आणि स्वतः मुकाट्यानं शिकत राहिली. ढीग कसा रचायचा, ओला पाला किती, सुका किती, कधी उलथायचा. खत कुजायला घातलं की घाई करून चालत नाही. रागाचंही तसंच असतं, हे तिचं तिला कळलं.

माळीबुवांवर तिची नजर असायची. डबा खाऊन झाला की ते सावलीत बसून चाकूनं लाकूड तासत.

"काय कोरताय बुवा?" तिनं एकदा विचारलं.

"काही नाही." त्यांनी हात मांडीआड केला. "रिकामा उद्योग."

रिकामा उद्योग. माझी पोर झोपेत दचकून उठते, आणि यांना वेळ जात नाही. घरी आल्यावर पोरीच्या फ्रॉकच्या खिशातून लाकडाचा भुसा झटकला, पाळणाघरातल्या जुन्या खेळण्यांना चार नावं ठेवली आणि फ्रॉक धुवायला टाकला.

आणि आज ती वेळ आली.

ती मागच्या हौदावर ट्रे धुऊन परतली, तर दाराशेजारच्या खिळ्यावर माळीबुवांचा मोठा, काळपट बिल्ला लटकत होता. बाकी खिळे रिकामे. काचांवर आतून वाफ धरलेली, पलीकडचं काही दिसत नव्हतं. वर्गातली मंडळी जेवायला पांगली होती. बाई पर्स उपसत चष्मा शोधत होत्या.

"चला, कडी घालू या. कुणी राहिलंय का आत?"

तिनं बाईंच्या पाठीवरची नजर न हलवता हात मागे नेला. खिळ्यावरचं जे हाताला लागलं ते मुठीत घेतलं आणि एप्रनच्या खिशात सोडलं.

"खिळे रिकामे आहेत, बाई."

"तयार झालात हं तुम्ही. पहिल्या दिवशी बिल्ला उलटा घालून आला होतात."

दोघी हसल्या. कडी तिनंच घातली.

मग ती गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसली. पोरीला अर्धा तास, तर या बाप्याला एक तास. मरणार नाही, पण समजेल. नंतर पोरीला कडेवर घेऊनच जायचं, कडी काढायची, त्यांच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, खिळ्यावर बिल्ला नव्हता, मला काय माहीत? वाक्य तिनं मनात इतक्यांदा घोळवलं की चहा निवून गेला. दुसरा मागवला. तो मात्र चवीनं प्यायली. पाय हलवला की खिशात काहीतरी टकटक वाजायचं. किल्ल्या असतील.

तास भरला तशी ती उठली आणि पाळणाघरात गेली. सगळी पोरं झोपली होती. पिटुकलीची सतरंजी रिकामी होती.

"अगं, बुवांबरोबर गेलीय ती," मावशी कुजबुजल्या. "रोज नेतात की घटकाभर. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले, तू रागावशील. पोरीच्या मनात काचेची भीती माझ्यामुळे बसली, मीच काढणार, असं म्हणतात बिचारे. आज पहिल्यांदा आत नेणार होते. एव्हाना यायला हवी होती खरं तर."

"आत?" तिनं मावशींचा दंड धरला. "बिल्ल्याशिवाय कशी सोडलीत?"

"बिल्ल्याशिवाय कशी सोडेन? त्यांनी कोरून दिलाय की तिला. इतकी खूश होती, बुवांच्याच खिळ्याला माझा मीच अडकवणार म्हणून नाचत गेली."

तिनं खिशात हात घातला. माळीबुवांच्या बिल्ल्याच्या दोऱ्यात दुसरा दोरा गुंतला होता. त्याच्या टोकाला बोटभर लाकडाचा तुकडा, आणि त्यावर एक बदक.

ती धावत सुटली आहे. काचघर मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही कुणी त्या बाजूला असाल, तर खिळ्याकडे बघू नका. कडी काढा आणि आत बघा.