मागचा मनोरा

ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीच्या कडेला मिठाचा एक कण चिकटला होता. डाउवे टेर्प्स्ट्राने तो नखाने खरवडला, गोळी टेबलावर ठेवली आणि वीतभर अंतरावर दुसरी मांडली.

"हे दोन मोबाइलचे मनोरे," तो म्हणाला. "आणि ही पुडी म्हणजे रेल्वेगाडी. टपावर माझी पेटी."

त्याच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पेटंट कार्यालयाच्या सुनावणीत खिशातून गोळ्या कुणी काढत नाही. पण मंडळाचा अध्यक्ष बर्टिल हसला. "चालू द्या. तुमचे आराखडे बघून बघून आमचेही डोळे शिणलेत."

तीन जणांच्या त्या मंडळात हा अर्ज पहिल्यापासून रेन्स्केकडे होता. धावत्या गाडीतल्या प्रवाशांचे फोन टपावरची पेटी धरून ठेवते आणि एका मनोऱ्याकडून पुढच्याकडे सोपवते. सोपवतानाच बोलणी तुटतात. टेर्प्स्ट्राने ती तुटणार नाहीत अशी पद्धत काढली होती. "यात शोध कसला?" असं बर्टिल वर्षानुवर्षं म्हणत आला होता, आणि रेन्स्के त्याच्याशी भांडत आली होती. पहिल्याच वाचनात ती पद्धत तिला लख्ख दिसली होती, कुणी समोर बसून समजावल्यासारखी. याचं श्रेय तिने आपल्या बुद्धीला दिलं होतं.

टेर्प्स्ट्राने पुडी सरकवत आणली आणि पुढच्या गोळीवर बोट टेकवलं. "गाडी यायच्या आधीच याला जागं करायचं. सगळ्यांची बोलणी एका मोटेत बांधून याच्या हाती द्यायची. यानं 'धरली' म्हटलं, की मगच..." त्याने मागची गोळी उचलून तोंडात टाकली. "मागचा मनोरा गिळून टाकायचा."

रेन्स्केचं पेन कागदावरच थांबलं.

आई गेली त्या हिवाळ्यात मेप्पेल स्टेशनच्या अलीकडे रूळ बदलणारे सांधे बर्फाने गोठले होते. गाडी थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. ग्रोनिंगेनला आईची शवपेटी फुलांखाली वाट बघत होती, आणि रेन्स्के भावाला फोन लावत होती. "माझ्यासाठी थांबा" एवढंही पुरं होईना. गाडी सरकली की फोन तुटायचा. शेवटी ती फोन मांडीवर ठेवून रडली. तेव्हा समोरच्या माणसाने पुडी पुढे केली होती. "घ्या बाई, एक घ्या. तुमच्या फोनचा काही दोष नाही. यावर काय करायचं ते मला सुचलंय. दाखवू?" घडीच्या टेबलावर त्याने गोळ्या मांडल्या होत्या आणि मागचा मनोरा गिळला होता. त्या दिवसात ती तेवढं एकदाच हसली होती. त्याचा चेहरा तिच्या लक्षात राहिला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं.

तो जानेवारी होता. टेर्प्स्ट्राचा अर्ज त्याच वर्षीच्या मार्चमधला. आई गेली ते वर्ष चुकणं शक्य नव्हतं.

"आता एक रिवाजाचा प्रश्न," बर्टिल म्हणत होता. "अर्ज करण्याआधी हे कुणा बाहेरच्याला सांगितलं होतंत? नियम तुम्हाला ठाऊक आहे. गुप्ततेचं वचन न घेता एका जरी माणसाला सांगितलं, तरी शोध नवा राहत नाही."

"बायकोलासुद्धा नाही!" टेर्प्स्ट्रा म्हणाला. "ती अजून विचारते, लग्न माझ्याशी केलंस की मनोऱ्यांशी."

"आणि सासूला?"

"तिला सांगितलं असतं तर मनोरे लागलेच नसते, महाशय!"

सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. गाडीतल्या रडणाऱ्या बाईला बाहेरचा माणूस म्हणून कोण मोजतो? त्याने रेन्स्केकडेही पाहिलं; ओळखीची खूणही त्याच्या नजरेत नव्हती.

"हे पेटंट मिळालं नाही तर आमच्या वर्कशॉपला कुलूप लागेल," तो शेवटी म्हणाला. "दुसरं मला काही सांगायचं नाही."

शेजारच्या खोलीत जाताच बर्टिलने दार लावून घेतलं. "त्यानं गोळी गिळली तिथंच माझं मत फिरलं. जिंकलीस तू, रेन्स्के." तिसऱ्या सदस्याने मान डोलावली. "अगं, इतकी पांढरी का पडलीस?" बर्टिल म्हणाला. "हरलो तर मी आहे!"

गाडीतली ती बाई आपणच होतो, हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माणसालाही नाही. तिने फक्त गप्प बसायचं होतं. त्या दिवशी तोही गप्प बसू शकला असता. एका परक्या बाईचं रडू थांबवायला तो बोलला होता.

तिघं परत आले. सगळे उठून उभे राहिले. रेन्स्के खुर्चीची पाठ धरून उभी होती. टेर्प्स्ट्राने तिच्याकडे पाहिलं आणि टेबलावरून पुडी हळूच तिच्या बाजूला सरकवली.

"घ्या बाई," तो पुटपुटला. "एक घ्या. बरं वाटेल."

"हे मंडळ असा निर्णय देत आहे की..." बर्टिलने सुरुवात केली.

"थांब, बर्टिल."

वकीलबाईंची नजर वर उठली. टेर्प्स्ट्राचा हात पुडीवरच राहिला.

"मेप्पेलच्या अलीकडे बर्फात गाडी अडली होती," रेन्स्के म्हणाली. "समोर रडत बसलेल्या बाईला तुम्ही हे सगळं सांगितलंत, टेर्प्स्ट्रा. ती बाई मी. ही पद्धत नवी नाही."