काल पाच वाजता

"जरा लवकर आटपा," खुर्चीत बसता बसता गिऱ्हाईक म्हणालं. चेहरा नवखा होता. साबणाचा ब्रश न्हाव्याच्या हातात क्षणभर थांबला, मग गालावरून फिरू लागला.

आरशाच्या कडेने कागद चिकटवले होते. आय वॉज कटिंग. यू वेअर स्लीपिंग. शी वॉज कुकिंग. दुपारी चारला फोनवर न्हाव्याची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय परदेशातल्या लेकीकडे जायला व्हिसा नाही, आणि सहा महिन्यांच्या नातीला आजोबांनी अजून हातात घेतलेलं नव्हतं. आधीच्या चार परीक्षांत त्याने दणदणीत आपटी खाल्ली होती. घरी क्रियापदं घडाघडा यायची. फोनवर परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा तोच आवाज आला की 'आय वॉज'च्या पुढे गाडी सरकायची नाही.

वस्तरा गळ्याशी आला.

"साहेब, एक विचारू? व्हॉट वेअर यू डूइंग यस्टरडे ॲट फाइव्ह?"

टॉवेलांच्या घड्या घालणारी बायको बघतच राहिली. गिऱ्हाइकाशी तो कधी इंग्रजीत बोलला नव्हता.

"आय वॉज..." गिऱ्हाइकाने आवंढा गिळला. डोळे वस्तऱ्यावर खिळलेले. "आय वॉज... आय..."

हनुवटीखाली जरासं रक्त आलं.

"हलू नका." न्हाव्याने हळूच तुरटी लावली. "होतं असं. मला विचारा!"

गिऱ्हाईक गेल्यावर बायकोने कपाळावर हात मारला. "स्वतःचा पत्ता नाही, आणि लोकांच्या परीक्षा घेताय!"

त्याने वस्तरा पुसून ठेवला. मग चारपर्यंत शीळ घालत काम करत राहिला.

फोन वाजला. बायकोने हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"व्हॉट वेअर यू डूइंग यस्टरडे ॲट फाइव्ह?"

"आय वॉज शार्पनिंग माय रेझर, सर. माय वाइफ वॉज लाफिंग ॲट मी."

वीस प्रश्न, वीस उत्तरं. एकदाही जीभ अडखळली नाही. बायको स्टुलावर मटकन बसली आणि हसता हसता रडायलाच लागली. लेकीला कधी सांगते असं तिला झालं होतं.

"अभिनंदन, पास झालात!" पलीकडून साहेब म्हणाले. "चारही वेळा तुमची बोबडी वळली होती. आज काय जादू केलीत?"

"जादू कसली, सर," न्हावी म्हणाला. "हनुवटीखाली अजून झोंबतंय का?"