थोडंसं गेमिंग

“खेळताना कुणाशी बोलतेस का गं?” लॅपटॉपच्या दुकानदारानं मुलीला सहज विचारलं.

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. दिसायला अगदी सारखे, फरक आतल्या प्रोसेसरचा. आई अर्ध्या तासापासून साध्यावर अडून बसली होती. नववीतल्या मुलीला अभ्यासापुरता हवा, निबंध लिहायचे, तक्ते करायचे. त्याला वरचा प्रोसेसर कशाला? मुलगी मात्र “आणि थोडंसं गेमिंग” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“त्यावरच ठरेल ना,” दुकानदार म्हणाला. “नुसता अभ्यास असेल तर साधा भरपूर झाला. हलकाफुलका गेमही ओढेल. पण गेम चालू आणि वर कॉलही चालू म्हटलं, की त्याला धाप लागते. समोरच्याचा आवाज तुटायला लागतो.”

मुलीनं मान खाली घातली. “बोलते.”

“कुणाशी?” आईनं विचारलं.

“आहे एक जण.”

“कोण एक जण?”

दुकानदार उगाचच चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

“दादा,” मुलगी म्हणाली.

‘या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस,’ असं आईनंच मुलाला तोंडावर सुनावलं होतं, त्याला सव्वा वर्ष होत आलं. तो खरोखरच गेला. नंबरही बदलला. मग तिनं त्याच्या मित्रांचे उंबरे झिजवले, पण कुणी ताकास तूर लागू देईना.

“कधीपासून?”

“गेला त्याच आठवड्यापासून. शनिवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते ना, तेव्हा. तिच्या लॅपटॉपवर. पण आता ते लोक दुसऱ्या गावी राहायला चाललेत.”

“बरा आहे?”

“हं.”

“काय बोलतो?”

“काही नाही गं. मागे बघ, डावीकडून ये, पळ आता. असंच.”

“माझं विचारतो?”

मुलगी समोरच्या कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहिली. ती नुसतं ‘हो’ म्हणाली असती, तरी आईनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

“नाही,” मुलगी म्हणाली.

आईनं वरच्या प्रोसेसरचा लॅपटॉप दुकानदाराकडे सरकवला. “हाच द्या.”

तो खोका आणायला वळला, तेवढ्यात तिनं त्याला थांबवलं.

“अहो, याचा आवाज केवढा होतो? म्हणजे, दार लावलेलं असलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू येईल ना?”

“आई,” मुलगी हळूच म्हणाली, “मी हेडफोन लावते.”