नाव ठेवायला जागा

"आणि नारळ?" मिलकाबाईंनी विचारलं.

शापूरकरांनी पेन खाली ठेवलं. इस्रायलला जाऊ इच्छिणाऱ्या ज्यू कुटुंबांची नावं लिहून घ्यायला ते मुंबईहून पनवेलला आले होते. आळीतल्या बाकीच्या घरांत त्यांना चहा आणि होकार दोन्ही मिळाले. या घरात सकाळपासून नुसता चहा मिळत होता.

"नारळ तिथे होत नाहीत, बाई."

"समुद्र आहे म्हणालात."

"समुद्र आहे की. अगदी दारात."

"नारळ नाही तर तो कसला समुद्र? नवसाच्या मलिद्यात काय घालायचं, वाळू?"

कोपऱ्यात बाईंचे यजमान एलोजी बसले होते. ते फळीवरच्या फोटोकडे बघत होते. फोटोत इस्रायलला गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा हसकेल होता, तिकडेच केलेली त्याची बायको होती आणि तिच्या मांडीवर नातू. नातू आता रांगत असेल. आज नाव दिलं नाही तर पुन्हा कधी, हे शापूरकरांनाही सांगता येत नव्हतं. एलोजींचा होकार केव्हाचा तयार होता. पण या घरात बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय काडीपेटीसुद्धा विकत येत नसे.

उंबऱ्याबाहेर माशांची पाटी उतरवून भामा बसली होती. गव्हाणहून ती वर्षानुवर्षं या दाराशी यायची. यांना बिनखवल्यांचं चालत नाही म्हणून आळीच्या तोंडाशीच कोळंबी पाटीच्या तळाला ढकलायची. आज वर जिताडा होता, चांगला हातभर.

"मासे स्वस्त आहेत," शापूरकर घाईने म्हणाले. "बर्फातले येतात. डोकं काढून, साफ करून."

"समुद्र दारात आणि मासा बर्फातला? बरं, डोकंच नाही तर ताजा की शिळा बघायचं कुठे? शेपटीत?"

बाहेर भामा फिस्सकन हसली.

तिथल्या घराचं भाडं कळलं. ते ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. तांदूळ महाग, पाव स्वस्त, हेही कळलं. "म्हणजे जन्मभर भाताच्या गिरणीत फिटर असलेला माणूस म्हातारपणी पाव चघळणार," बाई म्हणाल्या. एलोजींनी मान खाली घातली.

"संध्याकाळी हवा फार सुंदर असते," शापूरकरांनी शेवटचं अस्त्र काढलं. "लोक किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसतात."

"काय करतात बसून?"

"काही नाही. समुद्र बघतात."

"अगबाई! मी जन्मभर खाडीकाठी राहिले, मला हे कुणी सांगितलंच नाही. माझा सगळा जन्म चिखलातून चप्पल उपसण्यात गेला."

शापूरकरांचा चेहरा उतरला. बाईंना त्यांची दया आली.

"मनाला लावून घेऊ नका हो. माझी खोडच आहे ही. पेणचा एक मुलगा मला बघायला आला होता. फार छान मुलगा आहे, मी म्हटलं. गेला बिचारा. मग हे आले. यांच्या कानांना मी तीन दिवस नावं ठेवली. सुपाएवढे कान, वाऱ्याने उडेल हा माणूस, म्हटलं. चौथ्या दिवशी साखरपुडा!"

भामाला हे कुणी सांगायला नको होतं. बाई 'डोळा बघ कसा पांढरा पडलाय' म्हणाल्या की ती कोयती काढायची. 'छान आहे हो' म्हणाल्या की पाटी उचलून पुढच्या दाराशी जायची.

एलोजींना मात्र आता राहवेना. "अगं, आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी काय आधी नारळाचा भाव विचारला होता?"

"नव्हता विचारला. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा फिरवत बसले."

सगळे हसले. एलोजीसुद्धा हसले, आणि मग पुन्हा फोटोकडे बघू लागले. शापूरकरांनी पेनाला टोपण लावलं.

"मग तुमचं नाव सोडून देऊ?"

बाई उठल्या. दारात जाऊन उभ्या राहिल्या. आळीत ऊन पडलं होतं. कुणाचं तरी वाळवण कोंबड्या उधळत होत्या. लांबून गिरणीचा भुसा उडत येत होता, तो रोजच्यासारखा बाईंच्या धुतलेल्या लुगड्यावर बसत होता. या भुशाला त्या रोज शिव्या घालत.

"काही म्हणा," बाई म्हणाल्या, "आपलं पनवेल छान आहे हो. तळ्याचं पाणी छान. शेजारपाजार छान. हा भुसासुद्धा छानच म्हणायचा." त्या खाली वाकल्या. जिताड्याचा कल्ला त्यांनी उघडला नाही, डोळाही बघितला नाही. नुसता पाठीवरून हात फिरवला. "आणि भामाचा मासा. नाव ठेवायला जागा नाही."

"झालं," एलोजी पुटपुटले. "सोडा नाव, शापूरकर."

भामाने जिताडा पानाने झाकला. चुंबळ डोक्यावर ठेवली. पाटी उचलायला बाईंनी रोजच्यासारखा हात लावला. पाटी डोक्यावर चढली, तरी भामा निघेना. तिने पदराने नाक पुसलं.

"कदी निगताय, बाय?"

शापूरकर दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले. कोपऱ्यात एलोजींचा हात सावकाश वर गेला आणि आपल्याच कानाला लागला.