काचेतला मावा

"काहून मरून नाही राहिला हा?" दीप्ती वैतागून म्हणाली.

नागपूरच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या पेटीत वालाच्या रोपांवर मावा पाळायची. माव्याच्या पोटात एक जिवाणू राहतो आणि त्या जिवाणूत एक विषाणू. बारीक गांधीलमाशीनं माव्यात अंडी घातली, की हे दोघं तिच्या अळ्या मारून माव्याला वाचवतात. दीप्तीनं औषध देऊन दोघांनाही संपवलं होतं. तरी गांधीलमाशी पेटीत सोडली, की प्रत्येक वेळी मावा जिवंतच.

"पुन्हा तपास ना वं," सहकारी रोशन म्हणाला.

तिनं चिडून तपासलं. माव्यात दोघंही नव्हते. शेवटी वैतागाच्या भरात तिनं स्वतःचंच बोट टोचून रक्ताचा थेंब तपासला.

दोघंही तिथं होते.

तिनं मान वर केली. पानं सोडून सगळा मावा तिच्या बाजूच्या काचेवर आला होता.

दीप्तीनं खुर्ची हळूच खिडकीकडे सरकवली. मावाही सरकला.