माइक लागणार नाही

"माइक लागणार नाही," वडील म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

मुलाने पेन खाली ठेवलं. पुढ्यात यादी होती. हॉल, दीडशे पानं, हार, फोटोवाला, माइक. कापड गिरणीच्या मागखात्यात चौतीस वर्षं काढून वडील निवृत्त होत होते. मुलगा बँकेत साहेब होता. बापाचं निरोपाचं जेवण असं व्हावं की साऱ्या गिरणीने नाव काढावं, ही त्याची हौस.

"अहो बाबा, भाषणं व्हायची आहेत. तुम्हालाही दोन शब्द बोलावे लागतील."

"बोलेन की."

मुलाने आईकडे पाहिलं. त्या घरात वडिलांचे दोन शब्द म्हणजे खरोखर दोनच. 'वाढ' आणि 'पुरे'. मागांच्या खडखडाटात कान गेले, आणि कानांच्या मागोमाग जीभही गेली. शेजारी म्हणत, यांच्या घरात दोन माणसं आणि एक खांब. आई तेवढी म्हणायची, "सगळं बोलणं ते तिकडेच सांडून येतात रे. घरी रिकामं भांडं येतं." मुलाला ती थट्टा वाटे.

शेवटी भाषण मुलानेच लिहिलं. दोन पानं, ठळक अक्षरात. वडिलांनी घडी करून खिशात ठेवलं.

"वाचाल ना?"

मान हलली. होकाराची की नकाराची, देव जाणे.

माणसं नक्की मोजावीत म्हणून मुलगा एक दिवस गिरणीत गेला. मागखात्याच्या दारातच थबकला. शेकडो माग एकदम धडधडत होते. पायाखालची जमीनही थरथरत होती. एवढ्या गदारोळात माणसं हातवारे करणारच, इतकं त्याला कळलं. पण दारापाशी उभ्या असलेल्या विणकराने त्याच्याकडे पाहिलं आणि नाकाखालून बोट फिरवलं. शेवटी हाताची पाठ पँटला पुसली. पलीकडच्यानेही तसंच केलं. मग त्याच्या पलीकडच्याने. ते बोट या मागावरून त्या मागावर जात खात्याच्या टोकाला पोचलं आणि रांगच्या रांग हसली. टोकाला वडील तुटलेला धागा जोडत होते. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली.

मुलाचे कान तापले. म्हणजे ही किंमत आहे तर बाबांची इथे! मुलाच्या देखत नाक पुसून दाखवतात, आणि हा माणूस खाली मान घालून ऐकून घेतो!

मुकादम बाहेर आला. म्हणाला, "दोनशे चाळीस पानं धरा."

"दीडशे ठरली होती ना?"

"दुसऱ्या पाळीनेही रजा टाकलीय, साहेब. जेवण कमी पडलं तर पडू द्या. दिवे मात्र भरपूर लावा. आणि खांबाआड कुणाची खुर्ची नको."

जेवायला येणाऱ्यांना दिवे कशाला हवेत, हे मुलाला समजेना. त्याने दिवे सांगितले. माइक मात्र एकाचे दोन केले. आता तर बाबांनी बोलायलाच हवं होतं. या नाक पुसणाऱ्यांची तोंडं बंद व्हायला हवी होती.

जेवणाच्या दिवशी हॉल गच्च भरला. गिरणीचे मॅनेजर माइकवर दहा मिनिटं बोलले. दोनशे चाळीस माणसं देवळात बसल्यासारखी शांत बसली होती. मग वडील उठले. मुलाने त्यांच्या हातात माइक दिला, खिशाकडे खूण केली. वडिलांनी कागद काढला. तो मुलाच्या हातात परत दिला. माइक टेबलावर आडवा ठेवला. बाह्या वर सारल्या.

आणि त्यांचे हात उठले.

घरी मांडीवर झोपून राहणारे ते हात! बोटांनी धागा जोडला, धोटा फेकला, कुणाच्या मिश्यांना पीळ दिला. दोन बोटं पोट पुढे काढून मॅनेजरसारखी चालली, तेव्हा खुद्द मॅनेजरही हसले. शेवटच्या रांगेतून कुणीतरी हातानेच टोमणा मारला. वडिलांनी तिथल्या तिथे तो असा परतवला की लोक खुर्च्यांवर मुठी आपटायला लागले. मग हात संथ झाले. काही जणांनी डोळे टिपले. शेवटी वडिलांनी नाकाखालून बोट फिरवलं. साऱ्या माना मुलाकडे वळल्या.

"काय म्हणाले?" मुलाने शेजारच्या मुकादमाला विचारलं.

"तुमचंच चाललंय, साहेब."

"माझं?"

"ते बोट म्हणजे तुम्ही. आमच्यात प्रत्येकाचं नाव हातावर असतं. बाबा कामाला लागले तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे, नाक सदा गळतं. म्हणून शेंबड्या. शेंबड्या शाळेत गेला, शेंबड्या पहिला आला, शेंबड्या साहेब झाला. चौतीस वर्षं ऐकतोय आम्ही. त्या दिवशी तुम्ही दारात आलात, तर सगळं खातं एकमेकांना सांगत सुटलं."

मुलाला हातातला कागद दिसेनासा झाला.

"आणि आत्ता काय म्हणाले?"

"म्हणाले, शेंबड्याने भाषण लिहून दिलंय. त्यात माझं कौतुक आहे. आपलं कौतुक आपण कसं वाचणार? त्यालाच उभा करतो."

मुलगा उठला. माइकपाशी गेला. समोर भरपूर दिवे, एकाही खांबाआड खुर्ची नाही. दोनशे चाळीस माणसं त्याच्या हातांकडे पाहत होती. त्याने दोन पानं खिशात घातली.

त्या भाषेतला त्याला एकच शब्द येत होता. बँकेच्या साहेबाने भर सभेत बोटाने नाक पुसलं, तेच बोट वडिलांकडे केलं, आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला.